साडेनऊ हजारांचा हिशेब

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

हलका धान घरात आला, भारी धान अजून बांध्यांत उभा आहे. या दिवसांत गॅरेजात गाड्या कमी येतात, म्हणून भाच्याने हीच वेळ साधली. त्याची आरएक्स १३५ मोटारसायकल ड्रॅगच्या शर्यतीसाठी बांधायची आहे. सोबत पार्टांची यादी आणली होती. चौतीसचा कार्बोरेटर, रेसिंग सीडीआय, बाहेरून मागवायचा सायलेन्सर, रंगीत क्लच कव्हर, आणखी बरेच काही.

"मामाजी, एवढं टाकलं का गाडी उडतेच."

"टाकू ना बापा. पण आधी मले सांग, इंजिन किती फिरवाचं हाये?"

यावर उत्तर नव्हते. ड्रॅगची शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. उभ्या गाडीने सुटायचे आणि सरळ जायचे. वळण नाही, दमसास नाही, पंधरा सेकंदांच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. म्हणून पार्टांचा हिशेब शेवटच्या रेषेपासून मागे करत आणावा लागतो. रेषेवर गाडीचा वेग किती, त्या वेगाला चाक किती फिरते, टॉप गिअरमध्ये त्यासाठी क्रँक किती फिरायला हवा. फेऱ्यांचा हा एक आकडा पक्का झाला, की पोर्ट, सायलेन्सर, कार्बोरेटर आणि स्प्रॉकेट त्याच्या मागून येतात. आकडा न ठरवता पार्ट घेतले, तर एक पार्ट सात हजारांवर जोर करतो, दुसरा अकरा हजारांवर, आणि गाडी दोन्हीकडे मार खाते.

काम घेतले, पण एका अटीवर. ही गाडी गोंदिया-कोहमारा रोडवर कुणाशीही पैज लावून पळणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ नेमके यासाठीच आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तो 'हो जी' म्हणाला. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीलाही फोन करून अट सांगितली.

५ नोव्हेंबर, बुधवार

गावोगावी मंडईच्या जत्रा सुरू आहेत. भाचा तिकडे गेला, मी इंजिन उघडले.

सगळे ब्लॉक-पिस्टनपासून सुरुवात करतात. मी खालून करतो. क्रँक बाहेर काढला, व्ही ब्लॉकवर ठेवला आणि डायल गेज लावून हाताने हळूहळू फिरवला. काटा चार शतांश मिलिमीटर हलला. दोनपर्यंत मी चालवून घेतो. रॉड धरून वर-खाली ओढला, तर बिग एंडला बोटाला जाणवेल एवढा खेळ. याच क्रँकवर चौतीसचा कार्बोरेटर चढवला असता, तर पहिल्या जोरदार ओढीत रॉडने क्रँककेसला भोक पाडले असते.

नवे रॉड किट, दोन्ही मेन बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील घ्यायचे ठरले. टू-स्ट्रोकमध्ये सीलला दुय्यम समजायचे नाही. इथे पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते, मग वर जाते. मॅग्नेटच्या बाजूचे सील कडक झाले, की तिथून कोरी हवा आत येते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि पकडतो. दोष मात्र जेटवर जातो.

संध्याकाळी कागदावर आकडा मांडला. या इंजिनाचा बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक ५०, सीसी १३२. एका फेरीत पिस्टन शंभर मिलिमीटर चालतो. मिनिटाला १२,००० फेऱ्या केल्या, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर होतो. नवा फोर्ज्ड पिस्टन आणि नवा क्रँक असेल तर असली हौस करावी. जुन्या क्रँकला नवा रॉड घातलेल्या इंजिनाला ती परवडत नाही. ९,५०० फेऱ्यांना हाच वेग १५.८ मीटर येतो. तेवढे हे इंजिन सोसेल.

आकडा ठरला. साडेनऊ हजार.

९ नोव्हेंबर, रविवार

भाचा विचारत होता, पाव मैलच का? शर्यत अमेरिकेत वाढली आणि तिथली मोजणी मैलाची, हे एक कारण. दुसरे कारण जागेचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सरळ, रुंद, मोकळ्या धावपट्ट्या होत्या आणि सैन्यातून परतलेल्या पोरांच्या हाती अवजारे होती. कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर १९५० साली तिकीट लावून ड्रॅगच्या शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावरची पोरे धावपट्टीवर आणणे, हाच तिचा पहिला उद्देश होता.

आपल्याकडेही कथा धावपट्टीचीच आहे. मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या पट्टीवर कित्येक वर्षे मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. नंतर इरुंगट्टुकोट्टाईला खास ट्रॅक बांधला गेला. बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पाने सुझुकी हायाबुसावर ड्रॅगची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यात या ट्रॅकचाही वाटा आहे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरली. आमच्या जवळची बिरसीची धावपट्टीही इंग्रजांनी युद्धकाळातच बांधलेली, पण तिथे विमानेच उतरतात आणि तेच बरे आहे.

इकडच्या माणसाला सरळ पट्टीची शर्यत समजावून सांगावी लागत नाही. शंकरपट त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. सरळ मैदान, बैलजोडी आणि सेकंदाच्या अंशांवरून भांडण. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पटाची जोडी कुणी नांगराला जुंपत नाही. भाच्याला एवढेच सांगितले, की हे इंजिन बांधून झाल्यावर याने दूध आणायला जायचे नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पिस्टन. ब्लॉकमध्ये उभे चरे आहेत, म्हणजे बोअर करणे आलेच. भाचा म्हणाला, "मोठाच पिस्टन टाकू ना, चांगला एक मिलिमीटर." हिशेब करून दाखवला. ५८ चा बोअर ५९ केला, तर सीसी १३२.१ वरून १३६.७ होते. साडेतीन टक्के. त्यासाठी ब्लॉकची सगळी उरलेली उमर एकदम खर्च करायची. आरएक्स १३५ बंद होऊन वीस वर्षे झाली. चांगला मूळ ब्लॉक आता सोन्याच्या भावाने मिळतो, आणि नकली ब्लॉकचे लोखंड कसे असेल ते पिस्टन पकडेपर्यंत कळत नाही. म्हणून जेवढ्यात चरे जातील तेवढेच कापायचे. पहिला ओव्हरसाइज, ५८.२५.

आधी पिस्टन विकत घ्यायचा, मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजायचा आणि तो पिस्टन सोबत देऊन बोअर करून घ्यायचा. डबीवर छापलेल्या मापाला बोअर करून घेणारे पुढे रडतात. गॅप दोन थाऊ, म्हणजे पाच शतांश मिलिमीटर ठेवायला सांगितले. रोजच्या गाडीला याहून थोडा कमी चालतो. शर्यतीत पिस्टन एकदम तापतो, त्याला फुगायला जागा हवी.

राईस मिलांमुळे गोंदियात लेथ आणि खराद कामाची परंपरा जुनी आहे. ब्लॉक आणि पिस्टन तिकडे रवाना केले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्लॉक परत आला. बाहेरून चकाचक. बोअर गेज वर, मध्ये आणि खाली फिरवला, तर वरच्यापेक्षा खालचे माप चार शतांशांनी जास्त. बोअर वरपासून खालपर्यंत सारखा असण्याऐवजी तळाकडे पसरला होता. पोर्टांच्या कडाही तशाच धारदार ठेवलेल्या. अशा कडेत रिंग अडकते आणि तुटते. मी फोन केला. तिकडून उत्तर आले, "आरएक्सच तर आहे, चालून जाते." रोजच्या गाडीला चाललेही असते. मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्यांना नाही चालत.

भाचा तावातावाने निघाला होता, त्याला थांबवले. भांडून कापलेले लोखंड परत येत नाही. ब्लॉक नागपूरला पाठवला, पुढच्या मापाचा, ५८.५० चा पिस्टन घेतला आणि आता सीसी १३४.४ झाली. बोअर करणाऱ्याच्या दुकानात बोअर गेज आहे का, तो वापरताना दिसतो का, हे आधी पाहावे. भाव नंतर विचारावा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नागपूरहून ब्लॉक आला. तिन्ही ठिकाणी माप एक शतांशाच्या आत. रिंग एकटीच बोअरमध्ये सरकवून तोंड मोजले, दहा थाऊ. उत्तम.

आज पोर्टचे काम. फोर-स्ट्रोकमध्ये जे काम कॅमशाफ्ट करतो, ते इथे ब्लॉकमधली भोके करतात. पिस्टन खाली जाताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, मग ट्रान्सफर. एक्झॉस्टचे छत वर नेले, की ते लवकर उघडते, उशिरा मिटते आणि जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. रस्त्यावरच्या गाड्यांचा एक्झॉस्ट साधारण १७० ते १८० अंश उघडा असतो, शर्यतीच्या इंजिनांचा १९० ते २००. आमच्या आकड्याला १८८ पुरेसे.

क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावली, तारेचा काटा केला आणि पिस्टनची कड पोर्टच्या कडेला येईल तिथे खूण केली. मग बारीक बर्राने थोडे खरवडायचे, पुन्हा मोजायचे. लोखंड काढता येते, लावता येत नाही. भाच्याला रुंदी वाढवायची घाई होती. पोर्ट बोअरच्या दोन तृतीयांशाहून रुंद झाला, तर रिंग त्यात बाहेर फुगते. म्हणून रुंदीला फार हात लावला नाही. वरची कड कमानीसारखी गोल ठेवली, म्हणजे रिंग सावकाश आत सरकते. शेवटी सगळ्या कडांना पॉलिश पेपर मारला. आतल्या भिंती आरशासारख्या करण्यात वेळ घालवला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये खरी ताकद याच नळकांड्यात आहे, आणि लोक तो आवाजावरून निवडतात.

पोर्टमधून सुटलेली दाबाची लाट पुढच्या फुगत जाणाऱ्या शंकूत शिरते आणि मागे ओढ निर्माण करते, त्याने ब्लॉक साफ होतो. तीच लाट पुढे निमुळत्या शंकूवर आपटून परत येते आणि बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पोर्ट मिटायच्या आत ब्लॉकमध्ये ढकलते. परत येण्याची वेळ चुकली, की सगळे मुसळ केरात. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेनने १९५० च्या दशकात हे शास्त्र बसवले. १९६१ पर्यंत त्याचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्ती देत होते, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळून पश्चिमेला गेला, ही विद्या सुझुकीच्या हाती लागली आणि १९६२ मध्ये डेग्नर सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोकांच्या पुढच्या सगळ्या घराण्यात काडेनचा अंश आहे. १९८५ साली भारतात आलेली आरएक्स १०० त्याच घराण्यातली. ९८ सीसीत ११ अश्वशक्ती, लिटरमागे ११२.

लांबी काढायचे गणित साधे आहे. गरम वायूत लाट सेकंदाला सुमारे ५१० मीटर जाते. साडेनऊ हजार फेऱ्यांना १८८ अंश फिरायला क्रँकला ३.३ हजारांश सेकंद लागतात. एवढ्या वेळात लाटेने जाऊन परत यायचे, म्हणून एका बाजूचे अंतर ८४२ मिलिमीटर. पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत. साडेआठ हजारांना हेच अंतर ९४१ होते. हजार फेऱ्यांचा फरक आणि नळी वीतभर नाही, तरी चार बोटांहून जास्त लांब. तयार सायलेन्सर कोणत्या आकड्यासाठी बनवला आहे, हे विकणारा सांगू शकत नसेल, तर तो घेऊन काय करायचे?

म्हणून घरीच करायचे ठरले. शंकूंचे पसरट आकार जुन्या कॅलेंडरच्या पानांवर आखले, कापून, गुंडाळून पाहिले, मग एक मिलिमीटरच्या पत्र्यावर उतरवले. बाजूचा ग्रिलवाला उद्या टाके मारून देईल.

६ डिसेंबर, शनिवार

चौकात महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम. शेजारचे काही जण चैत्यभूमीला गेले आहेत. गॅरेज अर्धा दिवस उघडे होते.

कार्बोरेटर. यासाठीही सूत्र आहे. सीसी लिटरमध्ये घ्यायची, फेऱ्यांनी गुणायची, वर्गमूळ काढायचे आणि ०.६५ ते ०.९ ने गुणायचे. ०.१३४४ गुणिले ९,५००, वर्गमूळ ३५.७. म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर. भाच्याचा चौतीस त्या बाहेर पडला. गळा फार मोठा असला, की हवेचा वेग पडतो, जेटमधून पेट्रोल नीट उचलले जात नाही आणि सुटताना इंजिन गुदमरते. ड्रॅगमध्ये बहुतेक वेळ रेस पूर्ण उघडी असते, म्हणून अगदी लहानही नको. अठ्ठावीसचा केहिन ठरला.

बाजारात जे अठ्ठावीस मिळतात, त्यांत नकली फार. नाव कोरलेले असते, डबीही तशीच असते. मी स्लाइड बोटाने खाली सोडून पाहतो. अस्सल कार्बोरेटरमध्ये ती सरळ, न खडखडता खाली जाते. मग जेट काढून भोकाच्या कडा भिंगाखाली पाहतो. आज दोन परत केले, तिसरा घेतला.

रीडची मूळ स्टीलची पाती काढून फायबरची लावली. स्टीलची पाती तुटली तर तुकडा सरळ क्रँककेसमध्ये जातो. फायबरचे पान फाटले तरी इंजिन वाचण्याची आशा असते.

११ डिसेंबर, गुरुवार

भाचा रात्री मोबाइलवर अमेरिकन व्ही-८ इंजिने बांधताना पाहतो. आज मीही बसलो. शेव्हरलेचे स्मॉल ब्लॉक १९५५ साली आले, एड कोल या इंजिनिअरच्या देखरेखीखाली, २६५ घन इंचांचे. १९६७ मध्ये त्याचा ३५० घन इंचांचा अवतार निघाला. चार इंच बोअर, ३.४८ इंच स्ट्रोक. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांतले ४.४ इंचांचे अंतर मात्र त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बदलले नाही. २०११ मध्ये कंपनीने दहा कोटीवे स्मॉल ब्लॉक बनवले. एवढ्या इंजिनांमुळे भंगारातही पार्ट मिळतात आणि एका वर्षाचे हेड दुसऱ्या वर्षाच्या ब्लॉकला बसवता येते. ड्रॅगच्या पट्टीवर ते राज्य करते, ते या स्वस्ताईमुळे.

तिथला बांधणाराही आधी फेऱ्यांचा आकडा धरतो. मग कॅम, मग हेड, मग मॅनिफोल्ड, मग मागच्या ॲक्सलचे गिअर. महागडे हेड आणि साधा कॅम असे जोडले, की पैसा पाण्यात. आठ सिलिंडर असो की एक, हा नियम बदलत नाही. हे भाच्याने स्वतःच बोलून दाखवले, मला सांगावे लागले नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

हेड. पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडेत आणि हेडमध्ये किती फट उरते, ती स्क्विश. तिथले मिश्रण दाबून मधोमध फेकले जाते, त्यामुळे जळण लवकर होते आणि ठोका कमी बसतो. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत घातली, कडेपर्यंत नेली, क्रँक हाताने फिरवला आणि चपटी झालेली तार व्हर्नियरने मोजली. दीड मिलिमीटर. हे फार झाले. हेड लेथवर घेऊन एक मिलिमीटरवर आणले. याहून खाली गेलो नाही, कारण वेगात रॉड ताणला जातो.

मग सिरिंजने चेंबर मोजले. पिस्टन वर ठेवून प्लगच्या भोकातून तेल सोडायचे, भोकाच्या तळाशी आले की थांबायचे. कॉम्प्रेशन १२ ला १ हवे असेल, तर चेंबर १२.२ सीसी. १३ ला १ साठी ११.२. एका सीसीचा फरक, पण तो पंपावरच्या पेट्रोलने सोसायचा आहे. बारावर थांबलो.

प्लग मूळपेक्षा एक आकडा थंड घेतला. एनजीकेत आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड.

२४ डिसेंबर, बुधवार

क्लच आणि स्प्रॉकेट. ताकद मागच्या चाकापर्यंत गेलीच नाही, तर वरचे सगळे काम फुकट. नव्या फ्रिक्शन प्लेट, कडक स्प्रिंग. रंगीत कव्हर यादीतून बाद.

भाच्याला पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट गाडीवर बसवले. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, गाडी एक पूर्ण फेरा ढकलली, दुसऱ्या खुणेपर्यंत टेप लावली. १.९० मीटर. माणूस बसल्यावर टायर दबतो, म्हणून हे माप रिकाम्या गाडीवर घेत नाहीत. रेषेवर ताशी १२० किलोमीटर धरले, तर चाक मिनिटाला सुमारे १,०५० फेऱ्या करते. इंजिन साडेनऊ हजार. म्हणजे टॉप गिअरमध्ये एकूण रिडक्शन नऊच्या आसपास हवे. गिअरबॉक्सचे गुणोत्तर आपल्या हाती नाही, स्प्रॉकेट आहे. पुढचा एक दात कमी करणे म्हणजे मागे जवळपास तीन दात वाढवणे. मागचे दोन वेगळे स्प्रॉकेट घेऊन ठेवले. यांची किंमत सीडीआयच्या पावपटही नाही आणि वेळेवर परिणाम जास्त.

नवे ब्रेक शू आणि मागे नवा टायर यादीत नव्हते. मीच घातले.

२९ डिसेंबर, सोमवार

पहाटे कडाक्याची थंडी, शेकोटीशिवाय कुणी बाहेर नाही. विदर्भात पारा उतरला, की गोंदियाचे नाव पहिल्या दोन-तीनांत असतेच. जेटसाठी हे ध्यानात घ्यावे लागते. दहा अंशांची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के जड असते, तिला पेट्रोलही तेवढे जास्त लागते. इथे पहाटे बसवलेला जेट दुपारी मोठा वाटेल. घाटावर नेली तर आणखी, कारण आम्ही समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आणि लोणावळा सहाशेच्या वर.

शिवाय आता पंपावर ई-२० पेट्रोल. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, म्हणून त्याच हवेला पेट्रोल आठेक टक्के जास्त द्यावे लागते. जुन्या पुस्तकातले जेट नंबर जसेच्या तसे घेतले, तर इंजिन पातळ चालून तापते. इथे आणखी एक फसगत आहे. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो, केहिनच्या जेटवरचा भोकाच्या व्यासाचा. आठ टक्के जास्त पेट्रोलसाठी केहिनचा आकडा चारच टक्के वाढवायचा. इथेनॉल ओल धरते, म्हणून टाकीत जुने पेट्रोल ठेवायचे नाही आणि शर्यतीनंतर फ्लोट बाऊल रिकामा करायचा. तेलाचा पंप काढून टाकला, तेल पेट्रोलमध्ये मोजून मिसळायचे.

४ जानेवारी २०२६, रविवार

जोडणी पूर्ण. किक मारण्याआधी हवेची चाचणी. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद केले, प्लगच्या भोकाला नळी लावली आणि तिला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा जोडला. काटा ३०० वर नेला. एवढा दाब म्हणजे साधारण सहा पौंड. पाच मिनिटे काटा जागचा हलला नाही. सील, पॅकिंग, सगळे घट्ट. हे यंत्र गावात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, आणि सीझ झालेल्या इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

मग ओळखीच्या राईस मिलच्या धान वाळवायच्या पटांगणात नेऊन चालू केले. तापवायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे, पुन्हा तापवायचे. भाचा रेस पिळायला आतुर होता. आज नाही. पहिला जेट मुद्दाम मोठा ठेवला आहे. प्लग काढून पाहिला, काळपट ओला. आता एकेक पायरी खाली येऊ. मोठ्या जेटने थोडा वेळ वाया जातो, लहान जेटने पिस्टन जातो.

११ जानेवारी, रविवार

पावत्या एकत्र लावल्या. निम्म्याहून जास्त पैसा क्रँक, बेअरिंग, सील, बोअर आणि पिस्टन यांवर गेला, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींवर. सायलेन्सर पत्र्याच्या भावात झाला. रेसिंग सीडीआय घेतलाच नाही, मूळ सीडीआय साडेनऊ हजारांपर्यंत ठिणगी चुकवत नाही हे पटांगणात दिसले. गाडी आता पिकअपवर चढूनच स्ट्रिपवर जाईल. तिथे उतरण्याआधी भाच्याने फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचे लायसन्स काढायचे आहे आणि आपल्या वर्गाची सीसीची मर्यादा नियमपुस्तकात स्वतः वाचायची आहे.

ज्याला असे इंजिन बांधायचे आहे, त्याने दुकानात जाण्याआधी फेऱ्यांचा आकडा कागदावर लिहावा. पैसा आधी क्रँक आणि सीलवर घालावा, मग बोअर-पिस्टनवर, मग पोर्ट आणि सायलेन्सरवर, मग कार्बोरेटरवर. क्लच, स्प्रॉकेट, टायर आणि ब्रेक यांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत. चमकणाऱ्या पार्टांना जे उरेल ते, आणि बहुधा काही उरत नाही.